पोरांना स्पॅनिश बोलतं करताना

मी इथे न्यू जर्सीत हायस्कूलला स्पॅनिश शिकवते आणि दरवर्षी तेच बघते, पोरं क्रियापदांची रूपं धडाधड लिहितात पण बोलायची वेळ आली की गप्प. त्यांची काही चूक नाहीये हो, ४५ मिनिटांचा तास, २६ मुलं, त्यातून माझं बोलणं वजा केलं तर एकेकाच्या वाट्याला धड एक मिनिट पण येत नाही. आणि एपी स्पॅनिशच्या, म्हणजे हायस्कूलमध्येच देता येणाऱ्या कॉलेजच्या पातळीच्या परीक्षेत रेकॉर्ड केलेला आवाज पाच वेळा काहीतरी विचारतो, दर वेळी उत्तराला फक्त २० सेकंद!

म्हणून मी आता होमवर्कच बोलायचा देते. आधी एक व्हिडिओचं अ‍ॅप होतं ते बंद झालं, आता व्होकारू ही आवाज रेकॉर्ड करायची वेबसाइट वापरतो, अकाउंट लागत नाही, बटण दाबायचं, बोलायचं आणि लिंक पाठवायची. सुरुवातीला सगळे लिहून काढून वाचायचे, ते कानाला लगेच कळतं, वाचणारा स्वल्पविरामाला थांबतो आणि बोलणारा शब्द आठवत नाही तिथे अडतो. मग मी विषय देणंच सोडलं, आता एक फोटो देते, बाजाराचा, स्वयंपाकघराचा, आणि सांगते बघत बघत बोला, अडखळलात तरी डिलीट करू नका.

मागच्या वर्षी एक मुलगी होती, वर्गात कधी हात वर केला नाही तिने. पहिल्यांदा ११ सेकंद पाठवले, त्यात 'पेरो' म्हणजे 'पण', त्यातला र पूर्ण इंग्लिश. आपला मराठी र तिथे चपखल बसतो, जीभ एकदाच टेकते, पण तिला कसं सांगणार? मी पण आवाजातच उत्तर पाठवलं, की तुमच्या अमेरिकन उच्चारात 'बटर' पटकन म्हण, मधे जीभ जिथे टेकते ना, तोच स्पॅनिश र. त्या रात्री तिच्या सात लिंक आल्या, सातव्यात 'पेरो' अगदी स्वच्छ. मला इतका आनंद झाला की नवऱ्याला उठवून ऐकवलं!

'मे गुस्तान लोस मांगोस' मात्र अजून अडतं, सगळे 'यो गुस्तो' म्हणतात, 'यो' म्हणजे 'मी'. खरं तर आपलं 'मला आंबे आवडतात' असतं ना, 'मे गुस्तान लोस मांगोस' अगदी तस्संच आहे, क्रियापद 'मी'प्रमाणे नाही, आंब्यांप्रमाणे बदलतं, म्हणून या सोमवारी फोटो आंब्याच्या पेटीचा देणारे.