फाट्यावरचा फ्लेक्स

गेल्या दिवाळीत आमच्या फाट्यावर, ऐन वळणाच्या तोंडाशी, कोणाच्या तरी वाढदिवसाचा फ्लेक्स दोन बांबूंना तारेने करकचून बांधला होता, आणि त्याच्या आडून जिनिंगकडे निघालेली कापसाची ट्रॉली माझी मोटारसायकल तिच्या चाकाशी जाईपर्यंत मला दिसली नाही.

महानगरपालिकेत जाहिरात फलकांसाठी 'आकाशचिन्ह विभाग' असतो, हे ऐकून मी पूर्वी हसलो होतो. फलक कोठे लावावा यासाठीही साहेबाची परवानगी लागावी, हा मला शहरी लोकांचा सौंदर्याचा सोस वाटे. विद्रूपीकरणाला आळा घालणारा कायदा राज्यात 1995 पासून आहे, हे खरे. पण शोभा हे या नियमांमागच्या कारणांपैकी फक्त एक आहे, आणि माझ्या मते ते सर्वांत मोठे नव्हे.

मोठे कारण वारा आहे. 13 मे 2024 रोजी मुंबईत घाटकोपरला वादळात पेट्रोल पंपावर होर्डिंग कोसळून 17 माणसे गेली. तेथे मर्यादा 40 बाय 40 फुटांची असताना ते 120 बाय 120 फुटांचे होते. बाजू तिप्पट झाली की क्षेत्रफळ नऊपट होते आणि वाऱ्याचा रेटाही तेवढ्याच पटीने वाढतो. शिवाय वाऱ्याचा वेग दुप्पट झाला, तर रेटा चौपट होतो. पायाच्या मजबुतीसाठी अभियंत्याचा दाखला मागतात तो याचसाठी. आमच्याकडे मे महिन्यात घरावरचे टिनपत्रे उडतात, त्यामुळे हे गणित कोणाला शिकवावे लागत नाही, तरी बांबू रोवताना ते कोणाला आठवतही नाही.

दुसरे कारण नजर. चौक, सिग्नल आणि वळण फलकांपासून मोकळे ठेवावे लागते, कारण गाडी जेथे हळू होते तेथेच फलक नीट वाचला जातो आणि नेमके तेथेच चालकाचे लक्ष रस्त्यावर हवे असते. या ओढाताणीत जाहिरात लावणारा आपण होऊन माघार घेईल, अशी अपेक्षा ठेवण्यात अर्थ नाही. म्हणून तिऱ्हाईताने ठरवावे लागते. गावात तो तिऱ्हाईतच सापडत नाही, कारण फलक काढायला ज्यांना सांगायचे, त्यांचेच फोटो बहुधा त्यावर ओळीने असतात.

तरीही मी ग्रामपंचायतीच्या एका सदस्यांना म्हटले, "भाऊ, वीस पावले मागे, सरळ रस्त्यावर लावा ना."

ते सौजन्याने म्हणाले, "लावतो, पण तिथं वाचन कोण?"

तो फ्लेक्स सध्या शेजारच्यांच्या कुटाराच्या ढिगावर उलटा पांघरलेला आहे. वळणावर नवा लागला आहे.