आमची वाटचाल : जो कॅम्पर कुणीच नेत नाही तो आम्ही नेतो

आमचा धंदा काय असं कुणी विचारलं की मी सरळ सांगते, जुने मोडके कॅम्पर, म्हणजे आत राहायची सोय असलेल्या गाड्या आणि ट्रेलर, उचलून आणतो, खोलतो आणि त्यातली एकेक गोष्ट जिथे जायला पाहिजे तिथे पोचवतो. वॉशिंग्टन स्टेटमधे टॅकोमाच्या बाजूला आमचं यार्ड आहे. नवरा, त्याचा मावसभाऊ आणि दोन कामगार यार्डात असतात, फोन, कागदपत्रं आणि हिशोब माझ्याकडे. इथल्या मराठी लोकांत भेटीगाठी झाल्या की हा विषय निघतोच, अमेरिकेत येऊन भंगार कसं काय म्हणून, आणि मग जेवायची वेळ होते आणि सांगायचं राहून जातं. म्हणून म्हटलं एकदा सगळं लिहूनच काढू.

सुरुवात नवऱ्याच्या टोइंगच्या, म्हणजे गाड्या ओढून न्यायच्या, नोकरीतून झाली. रस्त्यावर टाकून दिलेली कार उचलायची असली तर ड्रायव्हर लोक आनंदाने जायचे, कारण कारला लिलावात गिऱ्हाईक मिळतं आणि नाहीच मिळालं तर निदान वजनावर तरी जाते, पण कॉल आरव्हीचा, म्हणजे अशा कॅम्परचाच, असला की सगळे एकमेकांकडे बघायचे. लिलावात तिला कुणी हात लावत नाही, मग ती टो कंपनीच्याच गळ्यात पडते, यार्डात जागा अडवून बसते आणि शेवटी मोडायचा खर्चही त्यांच्याच खिशातून. हा प्रश्न इतका वाढला होता की २०१८ मधे स्टेटने कायदाच केला, प्रत्येक आरव्हीच्या रजिस्ट्रेशनवर ६ डॉलर जादा घ्यायचे आणि त्या पैशातून अशा बेवारस गाड्या उचलणाऱ्यांना, मोडणाऱ्यांना खर्च भरून द्यायचा. पण ते फक्त सार्वजनिक जागेवरच्या आणि मालकाचा पत्ता न लागणाऱ्या गाड्यांसाठी. ज्या बाईच्या परसात नवऱ्याने घेतलेला कॅम्पर वर्षानुवर्षं कुजतोय तिने काय करायचं, याचं उत्तर कुणाकडेच नव्हतं. आम्ही धंदा सुरू केला तो त्या बाईसाठी, असं मी म्हणते, आणि मला ते मनापासून वाटतं.

आता आपल्या लोकांना सगळ्यात जास्त आश्चर्य कशाचं वाटतं तर आम्ही माल नेतो आणि वर पैसेही घेतो. गावाकडे भंगारवाला दारात येतो, काटा लावतो आणि आपल्या हातात पैसे ठेवून जातो. इथे उलटं का, तर कॅम्परमधे भंगार असतंच किती. गाडीच्या मागे ओढून न्यायचा जो ट्रॅव्हल ट्रेलर असतो त्याची खालची लोखंडी चासी आणि ॲक्सल सोडलं तर बाकी सगळं बारीक लाकडी पट्ट्यांची चौकट, पातळ प्लायवूड, फोम, फायबरग्लास नाहीतर कागदासारखा पातळ अल्युमिनियमचा पत्रा. तो पत्रासुद्धा नुसता निघत नाही, शेकडो स्टेपल पिना आणि लाकडाचे तुकडे चिकटलेले असतात, मग स्क्रॅप यार्डवाला त्याला डर्टी अल्युमिनियम म्हणतो आणि भाव पाडतो. अख्खा कॅम्पर घेऊन गेलात तर बहुतेक यार्डं गेटमधूनच परत पाठवतात. म्हणजे विकायचं ते थोडं आणि कचरा डेपोत टनाच्या हिशोबाने पैसे भरून टाकायचं ते ढीगभर. गिऱ्हाइकाला मी हे फोनवरच सांगते, लपवत काही नाही, आणि एकदा समजलं की सहसा कुणी घासाघीस करत नाही.

कॅम्पर मरतो कशाने तर पाण्याने. इंजिनवाल्या मोटरहोमचं इंजिन बऱ्याचदा ठणठणीत असतं, गाडी फारशी चाललेली नसते, आणि वरचं घर मात्र संपलेलं असतं. आमच्याकडे पाऊस आपल्या कोकणासारखा कोसळत नाही पण ऑक्टोबरपासून वसंतापर्यंत जी रिपरिप चालते ती काही थांबत नाही. छताला रबराचा थर असतो, व्हेंट आणि कडांच्या सांध्यांना सीलंट लावलेलं असतं, ते उन्हाने तडकतं, दरवर्षी बघून परत भरायला लागतं आणि कोण बघतंय. पाणी एकदा आत शिरलं की वरून काही दिसत नाही, वॉलपेपर तसाच छान असतो आणि आतली लाकडी पट्टी कुजत जाते. नवरा गेल्या गेल्या कोपऱ्यात, खिडकीच्या खाली, अंगठ्याने भिंत दाबून बघतो, चहात बुडवलेल्या बिस्किटासारखी आत गेली की समजायचं हा कॅम्पर रस्त्यावरून ओढत नेताना वाटेत भिंत सोडणार. मग पट्टे मारून, ताडपत्रीत बांधून फ्लॅटबेडवर, म्हणजे सपाट उघड्या ट्रकवर, चढवायचा नाहीतर जागेवरच खोलायचा.

एका आजीबाईंकडचं काम सांगते. त्यांचा ट्रेलर परसात होता आणि चारही बाजूंनी ब्लॅकबेरीचं रान माजलेलं, इथे त्याला हिमालयन ब्लॅकबेरी म्हणतात, काटे बोटाएवढे आणि एका उन्हाळ्यात अख्खी शेड गिळून टाकेल अशी वाढ. टायर बसलेले, रिम चिखलात रुतलेले, छतावर शेवाळाची गादी. आधी रान कापलं, मग जॅक लावून एकेक चाक वर घेत खाली फळ्या सरकवल्या, टायर बदलले, बेअरिंगला ग्रीस मारलं, तेव्हा कुठे तो जागचा हलला. आजी पूर्ण वेळ ओट्यावर खुर्ची टाकून बसल्या होत्या. आतलं एकेक कपाट उघडून जे निघेल ते आम्ही त्यांच्यासमोर आणून ठेवत होतो, मुलांचे खेळायचे पत्ते, एक स्टोव्हवरची किटली, यलोस्टोनचे नकाशे, आणि त्या ठरवत होत्या काय ठेवायचं ते. या कामाचा वेळ आम्ही बिलात धरत नाही. तो आमचा नियम आहे, पहिल्यापासून.

यार्डात आल्यावरचं काम बाहेरच्यांना दिसत नाही पण खरा धंदा तोच आहे. पहिल्यांदा प्रोपेनच्या टाक्या आणि बॅटऱ्या निघतात. मग ब्लॅक टँक म्हणजे संडासची टाकी, ती भरलेली असली तर सेप्टिकवाल्याला बोलवायचं, गटारात ओतायचा प्रश्नच येत नाही. छतावरच्या एसीतला गॅस हवेत सोडणं फेडरल कायद्याने गुन्हा आहे, तो मशीनने काढून घ्यायला लागतो आणि काढणाऱ्याकडे त्या कायद्याच्या सेक्शन ६०८ चं सर्टिफिकेट लागतं, ते मावसभावाने परीक्षा देऊन मिळवलं. आणि फ्रीज, फ्रीजबद्दल मी प्रत्येकाला सांगते. कॅम्परचा जुना गॅसवरचा फ्रीज घरच्यासारखा नसतो, त्यात कॉम्प्रेसर नाही, अमोनिया, पाणी आणि हायड्रोजन यांच्यावर चालतो आणि पाइप आतून गंजू नयेत म्हणून त्यात सोडियम क्रोमेट घातलेलं असतं, ते विषारी आहे. मागची जाळी काढल्यावर पाइपावर पिवळी पावडर दिसली किंवा नाकात अमोनिया गेला तर हात लावायचा नाही, दारं उघडायची आणि बाहेर यायचं. हौसेने घरच्या घरी ग्राइंडर घेऊन कॅम्पर कापायला बसणाऱ्यांची मला म्हणूनच काळजी वाटते. फार जुन्या गाडीत फ्लोअरिंगमधे ॲस्बेस्टॉस असू शकतं, तिथे आधी तुकडा लॅबला जातो, रिपोर्ट येईपर्यंत काम बंद.

चांगलं निघालेलं आम्ही फेकत नाही. वॉटर हीटर, आतली हवा गरम करायची भट्टी, खिडक्या, ऑनिंग म्हणजे बाहेर ओढायचं कापडी छप्पर, पुढचा जॅक, याला गिऱ्हाईक आहे, कारण जुन्या मॉडेलचे पार्ट कंपनीकडे मिळत नाहीत आणि कुणीतरी कुठेतरी आपला कॅम्पर जिवापाड सांभाळत असतो. चासी सरळ असली तर शेतकरी लोक युटिलिटी ट्रेलर करायला घेऊन जातात.

कागदपत्रं हा माझा प्रांत. टायटल, म्हणजे गाडीच्या मालकीचा कागद, ज्याच्या नावावर तो हयात नाही, टायटल हरवलंय, घर विकत घेतलं त्यात परसात कॅम्पर मिळाला, रोज यातलंच काहीतरी असतं. वॉशिंग्टनमधे जंक व्हेइकल ॲफिडेव्हिट असा प्रकार आहे, पोलीस किंवा अधिकार असलेला माणूस येऊन गाडी बघतो, ३ वर्षं किंवा त्याहून जुनी, भरपूर मोडतोड झालेली, चालू होत नाही असं दिसतंय, आणि किंमत भंगाराइतकीच, या ४ पैकी ३ गोष्टी लागू झाल्या की जागेच्या मालकाला टायटल नसतानाही ती काढता येते. हे कुणाला माहितीच नसतं, लोक वर्षं घालवतात. आणि दुसरं, जे मी कळवळून सांगते, फुकट घेऊन जा म्हणून कुणालाही कॅम्पर देऊ नका. दिलाच तर विक्रीचा रिपोर्ट ५ कामाच्या दिवसांत स्टेटच्या लायसन्सिंग खात्याकडे भरा. नाहीतर तो कॅम्पर रस्त्याच्या कडेला सापडला की रेकॉर्डवर नाव तुमचं आणि टोइंगचं बिलही तुम्हालाच.

सिएटलमधे अशाच फुकट दिलेल्या, गळक्या कॅम्परमधे माणसं राहतात हेही इथे बोललं पाहिजे. एका जागी ७२ तासांपेक्षा जास्त गाडी ठेवायची नाही असा शहराचा नियम आहे, आणि २०२१ मधे वॉशिंग्टनच्या सुप्रीम कोर्टाने आपल्या ट्रकमधे राहणाऱ्या माणसाच्या केसमधे सांगितलं की ती गाडी त्याचं घर आहे, घराला मिळतं ते संरक्षण तिलाही मिळतं. आम्हाला अशा कामांचे फोन येतात, चांगले पैसेही असतात. ज्याच्यात माणूस राहतोय तो कॅम्पर आम्ही उचलत नाही. आधी त्या माणसाची सोय होऊ दे, तो स्वतः रिकामा करून देऊ दे, मग येतो. यावरून एक मोठं कंत्राट हातचं गेलं तरी नवऱ्याचं आणि माझं यावर कधी दुमत झालेलं नाही.

लायसन्स, बॉंड, इन्शुरन्स, उंच कुंपण, तेल मातीत मुरू नये म्हणून काँक्रीटचा ओटा, या सगळ्यात सुरुवातीची वर्षं ओढाताणीत गेली, त्याबद्दल जास्त लिहीत नाही, ज्याने इथे छोटा धंदा टाकलाय त्याला माहितीये. हाताने आणि करवतीने खोलायचो, नंतर पंजाचा छोटा एक्स्कॅव्हेटर घेतला आणि कामाचा वेग पार बदलला. रेट मात्र तेव्हापासून एकाच पद्धतीने लावतो, लांबीच्या फुटावर, आणि जागा अडचणीची असली तर त्याचं वेगळं, आधी बघून.

पुढचं म्हणाल तर काम वाढणारच आहे. मंदीत, २००९ ला, साऱ्या अमेरिकेत जेमतेम १ लाख ६५ हजार नव्या आरव्ही कारखान्यातून बाहेर पडल्या होत्या, आणि कोविडमधे सगळ्यांना मोकळ्या हवेत जायचं होतं तेव्हा २०२१ या एका वर्षात ६ लाखांच्या वर, आजवरचा उच्चांक. बहुतेक सगळ्या इंडियानातल्या एल्कहार्टच्या आसपास बनलेल्या. आपल्याही ओळखीतल्या बऱ्याच जणांनी तेव्हा घेतल्या आणि आता साइड यार्डात उभ्या आहेत. त्यांना मी भेटेल तेव्हा सांगते, छतावर चढून सीलंट बघा, ताडपत्री घालायची तर खालून हवा खेळेल अशी घाला, तुमचा कॅम्पर आमच्याकडे जितका उशिरा येईल तितकं बरं. आणि यायचाच झाला तर जागा पाहिजे म्हणून शेजारचा प्लॉट आम्ही भाड्याने घेतलाय, तिथे ओट्याचं काम चालू आहे, पाऊस उघडला की काँक्रीट पडेल.