हरणाच्या डबीतली पिसोरी

डबीवर पेन्सिलीने लिहिलं होतं, 'लहान बोव्हिड, खालची दाढ, रामनगर'. बोव्हिड म्हणजे गाय-शेळी-काळविटांचं कुळ. जम्मूतल्या रामनगरच्या लोअर शिवालिक, म्हणजे शिवालिक खडकांच्या खालच्या, जुन्या थरांतली ही जीवाश्म दाढ, सुमारे 1 कोटी 30 लाख वर्षांपूर्वीची. मापं घ्यायची आणि यादी पुरी करायची, एवढंच त्या दिवशीचं काम होतं. लांबी 9 मिलिमीटर. पाळ्या, म्हणजे दाढेचे फुगीर भाग, दोनच; म्हणजे शेवटची दाढ नव्हे; तिला मागे तिसरी पाळी असते. माथ्यावर चंद्रकोरी होत्या, म्हणजे रवंथ करणारा प्राणी. मीही वहीत 'बोव्हिड' लिहून टाकलं.

डबी बंद करताना इनॅमल खटकलं. फारच सुरकुतलेलं, आणि दाढ बुटकी. पुढच्या दोन उंचवट्यांमागची खोबण लाल मातीने आणि पूर्वी कुणीतरी लावलेल्या गोंदाने बुजली होती. ॲसिटोनचे थेंब सोडत, मायक्रोस्कोपखाली सुईने ती कोरायला बसले. इथे घाई चालत नाही. सुईचा ओरखडा उठला, तर उद्या कुणी त्यावरून प्राण्याचा आहार ठरवायचा. दीड तासाने दिवा अगदी आडवा धरला आणि सावलीत 'एम' अक्षर उमटलं.

हीच ती डॉर्काथेरियम घडी, डॉर्काथेरियम या नामशेष प्राण्याच्या नावाची. दोन्ही उंचवट्यांच्या पाठीवर दुहेरी कडा असतात, त्या जुळून हा 'एम' होतो. शिवालिकच्या दाढेवर तो दिसला की प्राणी ट्रॅग्युलिड, म्हणजे आपल्या पिसोरीच्या कुळातला. लहानपणी राधानगरीच्या रानात टॉर्चच्या उजेडात थबकलेली पिसोरी मी पाहिली आहे: तीनेक किलोचा जीव, डोक्यावर शिंगं नाहीत, अंगावर पांढरे ठिपके. तिचं कुळ माझ्या हातात होतं आणि मी तिला दुसऱ्याच घरी लिहून बसले होते!

चूक नुसत्या नावाची नव्हती. यादीत बोव्हिड वाढले की तेव्हाचं रान मोकळं वाटू लागतं. ट्रॅग्युलिड दाट झाडी आणि पाणी सुचवतात. त्याच अक्षरातल्या आणखी 11 डब्या खणात होत्या. त्याही बाहेर काढल्या.

जुनी चिठ्ठी टाकायची नसते. तिच्याखाली नवी ठेवली, 'डॉर्काथेरियम, बहुधा मायनस'. जीवाश्मतज्ज्ञ लायडेकरने 1876 मध्ये नाव दिलेली ही लहान जात. 'बहुधा' अशासाठी, की ती मुख्यतः आकारमानावरून ओळखतात आणि माझ्याकडे दाढ एकच होती.