दारू घेत नाही, मग दीवला कशाला?

तुम्ही विचारलंत म्हणून सांगते. प्रश्न नेहमीचाच आहे आणि आमच्या सोसायटीत तो जरा आवाज खाली करून विचारला जातो: "तुम्ही दोघं तर घेत नाही, मग दीवला कशाला गेलात?" गुजरातेत दारूबंदी, दीव केंद्रशासित, तिथे बंदी नाही, त्या बेटाची एवढीच कीर्ती कोथरूडपर्यंत पोचली आहे.

आम्ही गेलो चालायला. हसू नका. कर्वे रस्त्याच्या फुटपाथवर नवरा-बायकोने शेजारी शेजारी चालून दाखवावं. मध्ये लावलेल्या दुचाक्या, उखडलेल्या फरश्या, वडापावची गाडी. एक पुढे, एक मागे, आणि बोलायचं ते ओरडून. दीवच्या जुन्या गावात हे आणि मी दिवसभर बरोबरीने चाललो. बेट पूर्व-पश्चिम जेमतेम अकरा-बारा किलोमीटर, आणि किल्ल्याच्या पायथ्याचं गाव तर पायीच पाहावं असं.

सकाळी गाठिये, पपईचा संभारो आणि तळलेल्या मिरच्या खाऊन निघालो. गल्ल्या अरुंद आहेत. घरं पिवळी, निळी, गुलाबी. दारांवर कोरीव काम, वर नक्षीचे सज्जे, आणि अनेक दारांना कुलूप. एका कुलपावर मिठाने गंज चढून किल्लीचं भोकच बुजलं होतं. उंबऱ्यावरची रांगोळी मात्र त्याच सकाळची. शेजारीण घालते म्हणे. घरातली माणसं कुठे? कोणी लिस्बनला, कोणी लेस्टरला. दीवचे वाणी आणि विणकर पूर्वी कापड घेऊन मोझांबिकला जायचे. 19 डिसेंबर 1961 ला पोर्तुगीज राज्य संपलं, पण त्याआधी इथे जन्मलेल्यांना आणि त्यांच्या मुला-नातवंडांना पोर्तुगीज नागरिकत्व मिळवता येतं. त्या पासपोर्टवर गाव हळूहळू परदेशी गेलं. आपल्याकडे अमेरिकेतल्या मुलांचे बंद फ्लॅट असतात, त्यातलाच प्रकार. फक्त इथे रंग ताजा असतो.

टेकाडावर तीन जुनी चर्चेस आहेत. सेंट पॉलमध्ये अजून प्रार्थना होते, सेंट थॉमसमध्ये संग्रहालय आहे आणि तिसऱ्यात दवाखाना चालायचा. मला पहिलं आवडलं. बाहेरून पांढरंशुभ्र, आत काळसर लाकूड. बाकी दोन बाहेरून पाहिली तरी चालतील.

किल्ल्याला मात्र वेळ द्या. हुमायून अंगावर आला म्हणून गुजरातच्या सुलतान बहादूरशहाने 1535 मध्ये पोर्तुगीजांना इथे किल्ला बांधू दिला. दोन वर्षांनी त्यांच्याशीच बिनसलं आणि दीवजवळच्या समुद्रात झालेल्या झटापटीत तो बुडाला. 1546 च्या वेढ्यात किल्ला पार खिळखिळा झाला. गव्हर्नर जुआंव द कास्त्रोकडे डागडुजीला पैसे नव्हते. त्याने गोव्याच्या नागरिकांकडे कर्ज मागितलं. तारण म्हणून वेढ्यात पडलेल्या मुलाच्या अस्थी पाठवायचं त्याच्या मनात होतं, पण उकरलेला देह तशा अवस्थेत नव्हता. म्हणून आपल्या दाढीचे केस पाठवले. गोवेकरांनी पैसे दिले आणि केसही परत केले.

आमच्या ह्यांची सारी नोकरी बँकेच्या कर्ज विभागात गेली. तटावर बसून ते बराच वेळ गप्प होते. मग म्हणाले, "मूल्यांकन कोणी केलं असेल?" त्यावरून आमचं जे बोलणं निघालं ते दोन बुरूज, दीपगृह आणि हिरवट पडलेल्या तोफा मागे पडल्या तरी संपेना. खाली कातळ कापून केलेल्या खंदकात भरतीचं पाणी शिरत होतं. वसई चिमाजीअप्पांनी 1739 मध्ये घेतली. दीव मात्र पोर्तुगीजांकडे सव्वाचारशे वर्षं राहिलं, हे खंदक बघून पटतं.

दुपारी गाव झोपतं. पुणेकराला हे समजावून सांगावं लागत नाही.

ऊन उतरल्यावर नायडाच्या गुहांकडे. गावकोटाच्या बाहेर, किल्ल्यासाठी दगड काढून काढून झालेल्या पोकळ्या त्या. छताच्या भोकांतून उन्हाचे पट्टे पडतात आणि तरुण मंडळी त्यात उभी राहून फोटो काढतात. आम्हीही काढला. वाटेत होका नावाचा ताड दिसतो. नारळ-सुपारीला फांद्या फुटत नाहीत, ह्याला फुटतात; खोड मध्येच दुभंगून दोन वाटांनी वर जातं. हे कुळ आफ्रिकेतलं. फळ तपकिरी आणि गोडसर, पण दात मजबूत हवेत.

गंगेश्वराला खडकातल्या पाच शिवलिंगांवर भरतीला लाटा येतात. छान आहे, गर्दीही आहे. मी तुम्हाला आग्रहाने सांगेन ते खुकरी स्मारक. 9 डिसेंबर 1971 च्या रात्री दीवपासून सुमारे चाळीस सागरी मैलांवर पाकिस्तानच्या हंगोर पाणबुडीने आपली युद्धनौका आयएनएस खुकरी बुडवली. 18 अधिकारी आणि 176 नौसैनिक गेले. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्लांनी जहाज सोडलं नाही. काचेच्या पेटीत जहाजाची प्रतिकृती आहे आणि समोर थेट तोच समुद्र. एरवी प्रत्येक पाटी मोठ्याने वाचून दाखवायची ह्यांची सवय. इथे त्यांनी ती मनातल्या मनात वाचली.

जायचंच असेल तर पुण्याहून वेरावळला आठवड्यातून एकदा थेट गाडी आहे. पुढे कोडीनार, ऊनामार्गे रस्ता. थंडीत जा. मुक्काम जुन्या गावातच करा. नागोआच्या किनाऱ्यावर हॉटेलं बरी आहेत, पण तिथून गावात यायला दरवेळी रिक्षा लागते. शनिवार-रविवारी सौराष्ट्रातून गाड्याच्या गाड्या लोटतात, त्यांचं दीव वेगळं. मधल्या वारी जा, आणि दिवाळीची सुट्टी टाळाच.