हरवलेली वाकळ सापडते का?

तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. हा प्रश्न मला बहुधा दिवाळीनंतर, पहाटे गारठा जाणवू लागला की विचारला जातो, कारण त्याच सुमारास लोक माळ्यावरची पेटी उघडतात आणि आईने किंवा आजीने शिवलेली गोधडी तिथे नाही हे त्यांच्या ध्यानात येते. “चोरीला गेली असेल का? आता सापडेल का?” असे विचारणाऱ्याचा आवाज पुष्कळदा दागिना हरवलेल्या माणसापेक्षा अधिक कातर असतो, आणि त्याच वेळी एका जुन्या चिंध्यांच्या पांघरुणासाठी आपण फोन करीत आहोत याची त्याला थोडी लाजही वाटत असते. माझे उत्तर आधीच सांगते, म्हणजे खोटी आशा राहणार नाही. माझ्या स्वतःच्या वाकळीसह मी आजवर अकरा गोधड्यांच्या शोधात सामील झाले. त्यांपैकी तीन परत आल्या, चौथीचा एक तुकडा मिळाला आणि उरलेल्या सात गेल्या त्या गेल्याच. तरीही शोधा असेच मी सांगते, कारण त्या सातांपैकी निदान तीन-चार चुकीच्या ठिकाणी शोधल्यामुळे गमावल्या असे मला वाटते.

चुकीचे ठिकाण म्हणजे काय, हे मी माझ्याच मूर्खपणातून शिकले. आमचे घर गोव्यातल्या डिचोली तालुक्यातले. वडील लोहखनिजाच्या खाणीवर कामाला होते आणि त्यांच्या खाकी कपड्यांत जी लाल धूळ बसे ती कितीही धुतली तरी शिवणीतून निघत नसे. त्या विजारी गुडघ्यांवर विरल्या की आई त्यांच्या पायांचे लांब पट्टे कापून ठेवी आणि वाकळीच्या चारी कडांना लावी. खाकी कापड चिवट, कड लवकर फाटत नाही, एवढाच तिचा हिशेब. मधल्या भागात तिची दोन लुगडी, माझे शाळेचे निळे झगे आणि एका पोलक्याचा जांभळा तुकडा होता, आणि आतल्या थरांत आजोबांची धोतरे होती. आई डावखुरी होती. आमच्या शेजारच्या बायका कडेपासून धावदोरा घालीत मध्याकडे येत तेव्हा त्यांचा दोरा प्रदक्षिणेच्या दिशेने फिरे. आईचा उलट्या दिशेने फिरे. शेजारची एक म्हातारी त्यावरून तिला चिडवीत असे, म्हणून ती गोष्ट माझ्या लक्षात राहिली, आणि पुढे तीच उपयोगी पडली.

आई गेली त्या वर्षी पावसाआधी कौले उतरवून छप्पर दुरुस्त करायचे ठरले. घरातले सगळे सामान सोप्यावर आले, तिथून अर्धे शेजारी गेले, मग पुन्हा आत आले. वाकळ नाही हे मला कळले ते दिवाळीत. या मधल्या पाच महिन्यांत आमच्या घरातून किती माणसे ये-जा करून गेली असतील याचा विचार न करता मी सरळ छपरावरच्या एका कामगारावर संशय घेतला आणि तो चारचौघांत बोलून दाखवला. तो माणूस त्यानंतर आमच्याकडे कामाला आला नाही. त्याने ती घेतली नव्हती, हे मला सव्वा वर्षाने कळले.

ते वर्ष मी कुठे शोधले? जिथे मौल्यवान वस्तू जातात तिथे. जुन्या पोर्तुगीज घरांतले पलंग, झुंबरे आणि चिनीमातीची भांडी विकणाऱ्या दुकानांत गेले, हणजुण्याच्या बुधवारच्या बाजारात गेले, हडफड्याच्या शनिवारच्या रात्रीच्या बाजारातही दोनदा जाऊन आले. माझ्या लेखी ती वाकळ अमोल होती, म्हणून घेणाऱ्यानेही ती अमोल समजूनच घेतली असणार असे मी गृहीत धरले. प्रत्यक्षात जुनी गोधडी पाहणाऱ्या परक्या माणसाला फक्त एक जाड, मऊ, सुती फडके दिसते, आणि त्या फडक्याचा जो काही उपयोग त्याच्या धंद्यात असेल तोच तो करतो. टेम्पोवाला ते कपाटाला गुंडाळतो. गॅरेजवाला गाडीखाली अंथरतो. रंगारी फरशी झाकतो, इस्त्रीवाला टेबलावर घालतो, आणि कुत्रा असलेल्या घरात ते कुत्र्याखाली जाते. जुन्या कपड्यांवर स्टीलची भांडी देणाऱ्या बायका दारावर येतात, त्यांच्या गाठोड्यात तर कितीतरी आज्यांची लुगडी घरच्यांच्याच हातांनी गेली आहेत. म्हणून आता कोणी फोन केला की मी पहिला प्रश्न चोराविषयी विचारीत नाही. त्या काळात घरात काय काम चालू होते, काय हलवले गेले, कोणाचे लग्न, बारसे किंवा गणपतीची चवथ झाली आणि पाहुण्यांना पांघरुणे कोणी काढून दिली, हे विचारते. चवथीला भरलेल्या घरात पहाटे निघालेल्या पाहुण्याच्या झोपलेल्या मुलाला गाडीत पांघरुणासकट उचलून ठेवले जाते. परत आलेल्या तीन गोधड्यांपैकी एक अशीच सावर्ड्याच्या एका नातेवाइकाच्या घरी दोन वर्षे सुखाने नांदत होती.

दुसरा प्रश्न वर्णनाचा, आणि इथे बहुतेकांची गाडी अडते. “रंगीबेरंगी होती, चौकोनी ठिगळांची होती” हे वर्णन जगातल्या निम्म्या गोधड्यांना लागू पडते. कडेला कोणते कापड होते, टाके किती जवळ होते, दोरा पांढरा होता की लुगड्याच्या काठातून उसवून काढलेला, कुठे जळल्याचे, औषधाचे, हळदीचे डाग होते, मागचे अस्तर एकसंध होते की जोडलेले, हे आठवायला बसावे लागते आणि एकट्याने बसून ते आठवत नाही. घरातल्या मोठ्यांना एकत्र बसवले की एकाला काठ आठवतो, दुसऱ्याला तो काठ कोणाच्या लग्नातल्या लुगड्याचा होता हे आठवते. मग जुने फोटो काढायचे. वाकळीचा फोटो म्हणून कोणी फोटो काढलेला नसतो, पण तान्हे मूल उघड्यावर निजवून काढलेल्या फोटोत खाली तीच असते, आणि अंगणातल्या घोळक्याच्या मागे कुंपणावर तीच वाळत असते. माझ्या भाच्याच्या फोटोत आमच्या वाकळीचा एक कोपरा मिळाला, खाकी पट्ट्यासकट. तो मोठा करून छापला आणि मी तो पाकिटात घालून हिंडू लागले.

तरीही एकदा फसले. म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारात एका गाठोड्यावर मला खाकी कड आणि कडेकडून मध्याकडे जाणारा दोरा दिसला आणि माझे हातपाय गार पडले. जवळून पाहिले तेव्हा चारी कोपऱ्यांना कापडाच्या घड्या एकावर एक बसवून केलेली त्रिकोणी टोके दिसली, आणि तशी टोके आईने कधी केली नव्हती. विकणारी बाई हल्याळकडची होती. ती कवंदी होती, उत्तर कन्नड जिल्ह्यातल्या सिद्दी बायका शिवतात ती. पोर्तुगीजांनी आफ्रिकेतून गुलाम करून गोव्यात आणलेल्या माणसांपैकी पुष्कळजण घाटावरच्या रानांत पळून गेले. आजच्या सिद्दी समाजात त्यांचे वंशज आहेत, आणि त्यांच्या बोलीत आपली कोकणी सहज ओळखू येते. कोपऱ्यांतल्या त्या टोकांना त्या ‘फुले’ म्हणतात आणि ती नसली तर कवंदी पुरी झाली असे मानीत नाहीत. आपल्याकडे ठिगळे आधी जोडून मग टाके घालण्याचीही रीत आहे, पण त्या बायका कडेपासून टाके घालीत घालीत ठिगळे लावतात आणि मध्यावर येऊन थांबतात. त्या बाईने मला हे उन्हात बसून अर्धा तास समजावून सांगितले. त्या दिवसापासून मी कोणतीही गोधडी आधी कोपऱ्यातून पाहते, मग पाठीमागून. रंग सर्वांत शेवटी, कारण सर्वांत आधी बदलतो तो रंगच.

खरोखर चोरी झाली असेल, म्हणजे कुलूप फोडून पेटीच गेली असेल, तर पोलिसांत जावेच. ठाण्यात “किंमत किती?” असे विचारले जाते आणि तिथे माणूस गोंधळतो. आकडा फुगवू नये. बाजारात जी किंमत येईल ती सांगावी आणि वर्णन मात्र पानभर लिहून द्यावे. 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेत चोरीसाठी कलम 303 आहे. चोरलेल्या वस्तूची किंमत पाच हजार रुपयांहून कमी असेल, दोषी ठरण्याची ती पहिलीच वेळ असेल आणि वस्तू किंवा तिचे मोल परत केले असेल, तर तुरुंगाऐवजी समाजसेवेची शिक्षा त्यात सांगितली आहे. गोधडीच्या बाबतीत ही तरतूद मला फार सोयीची वाटते, कारण आपल्याला कोणाला तुरुंगात पाठवायचे नसते, वस्तू हवी असते. प्रवासात चोरी झाली असेल तर ती कोणत्या ठाण्याच्या हद्दीत झाली याचा घोळ घालीत बसू नये; नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 173 प्रमाणे कुठल्याही ठाण्यात खबर देता येते. रेल्वेगाडीत नुसती विसरली असेल तर 139 वर कळवावे, आणि कदंबच्या, म्हणजे गोव्याच्या सरकारी, बसमध्ये राहिली असेल तर फोन न करता त्या डेपोत स्वतः जावे. फोनवर ‘गोधडी’ म्हटले की पलीकडचा माणूस हसतो. समोर उभे राहिले की उठून कपाट उघडतो.

बाजारात आपली वस्तू दिसली तर आरडाओरडा करू नये. चोरीचा माल घेणे हा गुन्हा असला तरी तो माल चोरीचा आहे हे घेणाऱ्याला माहीत असावे लागते, किंवा तसे मानायला कारण असावे लागते, आणि तिसऱ्या हातातून आलेल्या फडक्याबद्दल कोणाला काय माहीत असणार? शिवाय हल्ली एक नवे संकट आले आहे. जुन्या गोधड्या कापून त्यांची जाकिटे, पिशव्या आणि उशांचे अभ्रे शिवतात आणि ते पर्यटकांना चांगल्या किमतीला विकले जातात. मडगावच्या एका बाईंच्या आजीची गोधडी आम्हाला अशीच पिशवी होऊन मिळाली. आजीने दोऱ्याने काढलेले एक अक्षर त्या पिशवीच्या तळाशी उलटे आले होते, त्यावरून ती ओळखली. बाईंनी ती मुकाट्याने विकत घेतली. माझ्या मते त्यांनी बरोबर केले.

आणखी एक गोष्ट घाईची आहे. आपल्याकडे मृगाचा पाऊस लागला की उघड्यावर किंवा टेम्पोत पडलेले सुती कापड चार महिन्यांत बुरशीने जाते. शोधायचे ते एप्रिल-मेपर्यंत शोधावे. मी ज्या सात गमावल्या त्यांपैकी एकीचा पत्ता आम्हाला ऑगस्टात लागला होता. तिथे गेलो तेव्हा तिचा काळा लगदा झाला होता आणि त्यातला एक टाकाही हातात धरवेना.

माझी वाकळ मिळाली ती म्हापशाला, बोडगेश्वराच्या जत्रेत. मी ती शोधायला गेले नव्हते, खाजे घ्यायला गेले होते. लाकडी सामानाच्या दुकानांच्या रांगेत एक टेम्पो रिकामा होत होता आणि एका पलंगाच्या दोन पायांमध्ये, पॉलिशला ओरखडा येऊ नये म्हणून, खाकी कडेची एक जाड घडी खोचलेली होती. मी दोन बोटांनी कड उलटवली. शिवणीत लाल धूळ होती. मग टाक्यांवरून बोट फिरवीत मध्याकडे गेले, आणि बोट उलट्या दिशेने फिरले.

टेम्पोवाला घाबरला नाही की रागावला नाही. आमच्या घरची कौले त्यानेच आणली होती आणि कौले फुटू नयेत म्हणून खाली घालायला काहीतरी मागितले तेव्हा माझ्या वहिनीनेच ती त्याला काढून दिली होती. वहिनीला ते आठवतही नव्हते. मी पैसे पुढे केले. त्याने ते घेतले नाहीत. “व्हरात बाय, पूण म्हाका दुसरें कितें तरी दियात,” तो म्हणाला. त्याला अजून दोन खेपा करायच्या होत्या. दुसऱ्या दिवशी मी त्याच्यासाठी एक चांगली लोकरी कांबळी घेऊन गेले. ती त्याने हातात घेऊन परत दिली, लोकर पॉलिशवरून घसरते, त्याला सुतीच हवे होते. घरात सुती आणि जाड असे एकच काही होते, आईच्या हाताखाली मी शिवलेली माझी पहिली वाकळ, वाकडे टाके, एका बाजूला चार बोटे रुंद. ती मी त्याला दिली. देण्यापूर्वी तिचे दोन्ही बाजूंनी फोटो काढले, चारी कोपरे वहीत उतरवून घेतले आणि आतल्या थरात नाव लिहिलेली फीत शिवली. त्या कामगाराच्या घरी मात्र मला दोनदा जावे लागले. पहिल्यांदा त्याने दार उघडले नाही.