जिप्सीचे बंप स्टॉप: ५० मिमी लिफ्टला पुढे ६० मिमीचा स्पेसर

गाडी दोन इंच लिफ्ट केली, म्हणजे सस्पेन्शनवर उंच केली, की बंप स्टॉपही (अ‍ॅक्सलला फार वर येऊ न देणारे चेसिसवरचे रबरी ठोकळे) दोन इंच खाली आणायचे, हा सल्ला गॅरेजमध्ये सर्रास मिळतो. माझ्या जिप्सीला बंप स्टॉप खाली आणायला पुढे ६० आणि मागे ३५ मिमीचे स्पेसर (चेसिस आणि रबराच्या मधले तुकडे) लागले; लिफ्ट मात्र दोन्हीकडे ५० मिमीच. हे आकडे शॉकअपवरून निघाले, म्हणून हिशेब सविस्तर देतोय.

नव्या पाट्यांबरोबर (लीफ स्प्रिंग) लांब शॉकअप घेतले. त्यांचं नळकांडंच लांब, त्यामुळे ते पूर्ण दबले तरी जुन्यांइतके आखूड होत नाहीत. पुढच्याची डोळ्यापासून डोळ्यापर्यंतची (दोन टोकांच्या बोल्टच्या भोकांमधली) लांबी दबल्यावर ३२० मिमी, गाडी सपाटीवर उभी असताना ४१५. म्हणजे वर जायला ९५. त्यातले १५ राखून ठेवले, कारण शॉकअपने आत तळ गाठला की व्हॉल्व्ह आणि माउंट दोन्ही धोक्यात येतात. उरले ८०. मूळ बंप स्टॉप आणि अ‍ॅक्सलमधलं अंतर ११०, शिवाय ६० मिमीचं रबर जोरात आदळल्यावर निम्म्यावर येतं असं धरलं तर आणखी ३०. अ‍ॅक्सल १४० मिमी वर येऊ शकत होता आणि शॉकअपकडे जागा ८०! फरक ६०, तोच स्पेसर. शॉकअप जरा तिरका बसतो म्हणून अ‍ॅक्सलपेक्षा थोडा कमीच दबतो. ती सूट मी घेतली नाही.

मग गाडीवर ताळा. जिप्सीत पाटे अ‍ॅक्सलच्या खाली आणि मेन पाटा सगळ्यात वर, त्यामुळे जॅकने सहज दबावं म्हणून खालचे पाटे काढले तरी मापं बदलत नाहीत. त्यांच्या जागी तेवढ्याच जाडीचा लोखंडी तुकडा देऊन यू-बोल्ट आवळले, चेसिस स्टँडवर घेतली आणि जॅकने अ‍ॅक्सल वर ढकलला. आधी दोन्ही बाजू, मग एकच. एका बाजूची तपासणी टाळू नका: टायर बंप स्टॉपच्या बाहेर असतो, म्हणून अ‍ॅक्सल तिरका झाला की तो बंप स्टॉपपेक्षा जास्त वर चढतो. मडगार्डच्या आत शाडूची माती थापली होती. स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर तिच्यात टायरची नक्षी उमटली. सगळ्यात पातळ जागी १२ मिमी माती शिल्लक होती. मला तेवढी पुरे.

पाटा सपाट होताना लांबतो आणि अ‍ॅक्सल पाट्याच्या फिक्स, म्हणजे न सरकणाऱ्या, टोकापासून दूर सरकतो. उभ्या गाडीत बंप स्टॉपचं रबर अ‍ॅक्सलवरच्या पॅडच्या बरोबर मध्यावर दिसलं तरी दबल्यावर ते कडेला आदळू शकतं. म्हणून पुढचे स्पेसर दबलेल्या स्थितीत खुणा करूनच बसवले. ते ५ मिमी जाडीच्या चौकोनी पाइपचे आहेत, आत आडवी पट्टी वेल्ड केलेली, चेसिसला बोल्टने. मागचे लेथवर काढलेले अ‍ॅल्युमिनियमचे. वॉशरची चळत लावून उंची वाढवणं मला अजिबात पटत नाही. तिरका मार बसला की बोल्ट वाकतो.

रबर मूळ शंकूच्या आकाराचंच ठेवलं. कडक पॉलियुरेथेन जवळपास दबतच नाही, सगळा धक्का चेसिसच्या ब्रॅकेटवर येतो. फोमसारखं मायक्रोसेल्युलर पॉलियुरेथेन खूप छान, हळूहळू कडक होत जातं. पण ते रबरापेक्षा बरंच जास्त दबतं, तेव्हा ते लावणाऱ्याने वरचा हिशेब नव्याने करावा.

वेल्ह्याच्या बाजूच्या खडकाळ वाटेवर शॉकअपच्या रॉडला केबल टाय बांधून गाडी फिरवून आणली; शॉकअप किती दबला ते टाय कुठे सरकला यावरून कळतं. पुढचा टाय तळापासून १८ मिमीवर थांबला, मागचा २६ वर. मागे बंप स्टॉप आणि अ‍ॅक्सलमध्ये आता ७० मिमी मोकळी जागा आहे. सामान आणि दोन माणसं बसली की गाडी साधारण ३० मिमी खाली येते, तेव्हा ४० उरतात. पूर्ण लोडवर मागचं माप पुन्हा घेणार आहे. चाक पूर्ण खाली लोंबकळताना ब्रेकचा होज ताणला जातो का, हेही त्याच वेळी बघेन.