झोपाळ्याच्या सळईपासून निघालेली भेग

जिप्सम बोर्डाच्या छताला भेगा पडल्या की घरमालक बोर्डाला शिव्या घालतात आणि पीओपीचे (प्लास्टर ऑफ पॅरिसचे) जुने मिस्त्री गालातल्या गालात हसतात. बडोद्यात, दांडिया बाजारातल्या त्या घरी मी पोचले तेव्हा दोन्ही जोरात चालू होतं. मी बोर्डाच्या छतांचं काम करते. घरमालक नानांनी मला बोलावलं होतं, आणि मला न सांगता एका म्हाताऱ्या पीओपी मिस्त्रींनाही; त्यांना सगळे काका म्हणतात. माजघराचं छत काकांनीच तीसएक वर्षांपूर्वी केलेलं. त्यावर केसाएवढी रेघ नव्हती. दिवाणखान्यातलं त्याच वेळचं छत मात्र नानांच्या मुलानं दिवाळीआधी एका ठेकेदाराकडून पाडून घेतलं, तिथे जिप्सम बोर्ड लागले आणि होळी येईतो छतावर रेघा उमटल्या.

"अगं, चौकटीची वही झालीय नुसती," नाना म्हणाले.

"बेन, हा कागदात गुंडाळलेला माल. टिकणार कसा?" काका.

खरं तर माल दोघांचा एकच. जिप्समचा दगड साधारण १५० अंशांवर भाजला की त्यातलं पाऊण पाणी उडतं आणि उरतं ते प्लास्टर ऑफ पॅरिस. पाण्यात कालवलं की त्याचं पुन्हा जिप्सम होतं. कागदाच्या थरांत प्लास्टर घालून पत्रे करण्याचं पेटंट अमेरिकेत ऑगस्टिन सॅकेट यांना १८९४ साली मिळालं, म्हणजे 'नवीन' पद्धतही काही कालची नाही. फरक आहे तो छत बनतं कसं यात. काकांच्या पद्धतीत सळया, जाळी, काथ्या घालून पीओपी जागेवरच थापतात, त्यामुळे सगळं छत एकसंध. बोर्डाचं छत तुकड्यांचं. तिथे सगळा जीव सांध्यात असतो, आणि सांध्याकडे लक्ष द्यायला आपल्याकडे कोणाला वेळ नसतो. रंगाच्या दिवशी सगळं झाकलं जातं ना!

शिडीवर चढले. रेघा एका बाजूनं चार-चार फुटांवर, दुसऱ्या बाजूनं सहा-सहा फुटांवर, भिंतीपासून भिंतीपर्यंत सरळ. म्हणजे सांधेमोडच केलेली नव्हती. वीटकामात पोरगंसुद्धा सांध्यावर सांधा येऊ देत नाही; इथे चार-चार बोर्डांचे कोपरे एकाच बिंदूत आणून ठेवलेले. खरवडायच्या पात्यानं एक भेग उकरली. आत पांढरंशुभ्र पीओपी आणि त्यावर सुती कापडाची पट्टी. टोक चिमटीत धरून ओढलं, तर हातभर पट्टी एका दमात हातात आली. बोर्डाचा कागद जसाच्या तसा कोरा. काहीही धरलेलंच नव्हतं.

"पीओपीनंच भरलंय की, मग चुकलं काय?" काका खालून म्हणाले. "तुमचं ते सांधे भरायचं कंपाउंड सुकताना बसतं. पीओपी बसत नाही."

मुद्दा बरोबर होता. पीओपी घट्ट होताना आकसत नाही, उलट किंचित फुगतं. जॉइंटिंग कंपाउंड सुकताना आकसतं, म्हणून तर त्याचे तीन हात द्यावे लागतात, आणि एक हात सुकल्याशिवाय दुसरा देता येत नाही. पावसाळ्यात तर वाट बघून जीव जातो. पण कंपाउंडमध्ये चिकटवणारा द्रव्यांश असतो, तो कागदाला धरतो. पीओपीचं पाणी बोर्डाचा कागद क्षणात पिऊन टाकतो आणि मागे ठिसूळ पूड राहते. छत जरा हललं की ती सुटते.

माझ्या गाडीच्या डिकीत जोडलेल्या बोर्डाचा एक नमुना असतो. बोर्डाच्या मुळातच उतार असलेल्या कडा समोरासमोर, मध्ये कागदी टेप, वर तीन हात. तो काकांच्या हातात दिला. त्यांनी गुडघ्यावर ठेवून मोडला. तुटला, पण सांध्याच्या शेजारी. सांधा शाबूत. काकांनी दोन्ही तुकडे उजेडाकडे धरून पाहिले, नखानं टेप उचलायचा प्रयत्न केला. बोलले काही नाहीत.

मग त्यांनी माझ्या हातातून बॅटरी घेतली आणि मला जे आधी दिसायला हवं होतं असं नानांना वाटत होतं, तिकडे वळवली. "ही कोणत्या सांध्यावर आहे, बेन?"

एक भेग तिरकी होती. सांध्याशी तिचा संबंध नव्हता. ती निघाली होती झोपाळ्याच्या सळईपासून.

झोपाळा म्हणजे नानांचं सिंहासन; चहा, पेपर, दुपारची झोप सगळं त्यावर. सळया वर सागवानी तुळईत अडकवलेल्या, छतातून खाली उतरून तिथे कड्या. जुनं छत तुळईला जवळजवळ लागून होतं. नवं दिव्यांसाठी फूटभर खाली आणलं, तेव्हा सळयाही फूटभर लांबवल्या. लांब सळई प्रत्येक झोक्याला थोडी वाकणार. आणि बोर्ड तिला घट्ट भिडवून पीओपीनं बुजवलेला. भरीला बोर्ड ज्यावर बसवलेत ती चौकटही त्याच तुळईला टांगलेली. म्हणजे नाना पेपर वाचत होते आणि छताला रोज हिसके बसत होते.

"मी बोटभर जागा सोडली होती," काका म्हणाले. "वरून पितळी वाटी."

नानांच्या पत्नी, काकू, आत गेल्या आणि देवघराच्या खालच्या फडताळातून जुन्या वर्तमानपत्रात बांधलेल्या चार पितळी वाट्या घेऊन आल्या. मध्ये भोक पाडलेल्या, काळवंडलेल्या. छत पाडलं तेव्हा ठेकेदाराच्या पोरांनी त्या भंगारात टाकल्या होत्या. काकूंनी परत उचलून आणल्या. "मला वाटलं, दिव्यांच्या असतील," म्हणाल्या.

त्यानंतर वादाला काही उरलं नाही, कामाचं बोलणं झालं. बोर्ड उतरवून सांधेमोडीनं पुन्हा लावायचे, चौकटीच्या आडव्या पट्ट्यांना काटकोनात. स्क्रू साधारण २३० मिलिमीटरवर. कापलेल्या कडांना उतार नसतो, तिथे कंपाउंड रुंद पसरायचं. चौकट झोपाळ्याच्या तुळईला न टांगता शेजारच्या तुळयांना. सळयांना छताच्या वर अँगलचे तिरके आधार, म्हणजे वाकणं थांबेल. सळईभोवती मोकळी जागा, वर त्याच वाट्या.

झोपाळा दोन आठवडे काढून ठेवावा लागेल म्हटल्यावर नाना पहिल्यांदा खरे चिडले. "भेगा असू देत मग," इथपर्यंत आले. काकूंनी नुसतं पाहिलं.

वाट्यांभोवती पीओपीची गोल नक्षी ओतून बोर्डावर बसवायची, हे मात्र काकांनी स्वतःकडे घेतलं. माझ्या मुलाला त्यांनी बजावलं, "टेप तू लाव, साचा मी करतो." आणि जिना उतरताना मला हळूच: "बेन, नक्षीचे पैसे वेगळे हं, फुटाच्या भावात नाही."